रोजगार हमीने शेतकऱ्याचे मजूर पळवले?

उन्हाळा लागला की एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरू लागतो. यंदाही आला. त्याचा सारांश असा: आमदारांनी शेतकऱ्यासाठी कधी काही केलं नाही, दिल्लीहून रोजगार हमी आणली, तिने मजूर आळशी केले आणि शेतीला माणूस मिळेनासा केला, कामं म्हणजे खड्डे खणायचे आणि बुजवायचे, आणि या सगळ्याचा भार शहरातल्या नोकरदाराच्या खिशावर. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुलं पुष्कळ आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

"योजना दिल्लीची, आमदारांनी काही केलं नाही"

दिल्लीचा कायदा २००५ चा. २ फेब्रुवारी २००६ पासून तो आधी देशातल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्या दिवशी महाराष्ट्राचा स्वतःचा रोजगार हमी कायदा अमलात येऊन २७ वर्षं उलटली होती. आणि त्या कायद्याच्या मुळाशी विधिमंडळातलाच एक माणूस होता: वि. स. पागे.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर हे त्यांचं गाव. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती खातं नसतं, खर्चायला निधी नसतो. पटवून देणं आणि पाठपुरावा करणं, एवढंच त्याला करता येतं. पागे यांनी ते केलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी कल्पना उतरवली आणि १९६५ मध्ये तासगाव भागात प्रयोग करून पाहिला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि त्या कामाने गावाच्या जमिनीचं, पाण्याचं काही भलं व्हायला हवं. १९७२ मध्ये योजना राज्यासाठी सुरू झाली आणि लगेच त्या भयानक दुष्काळाने गाठलं. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. मागेल त्याला काम देता येतं, हे त्या वर्षाने दाखवून दिलं.

१९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. नुसती योजना असती तर एखाद्या शासन निर्णयाने ती गुंडाळता आली असती. कायदा झाल्यावर काम मागणं हा हक्क झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता देणं सरकारवर बंधनकारक. सुरुवातीला तो भत्ता दिवसाला एक रुपया इतका तुटपुंजा होता, पण तो देताना आपण काम देऊ शकलो नाही हे सरकारला कागदावर कबूल करावं लागे. हमी या शब्दाला त्यामुळे वजन आलं.

"शेतीचे मजूर पळवले"

या मुद्द्यावर मी थोडा थांबणार आहे. मजकुरातला हाच आरोप सगळ्यांत जास्त लोकांना पटतो, आणि त्यामागची समजूतच चुकीची आहे. शेतकरी वेगळा, मजूर वेगळा, आणि एकाला दिलं की दुसऱ्याचं गेलं, असं गृहीत धरलेलं आहे. आटपाडी, जत, माण, सांगोला या पट्ट्यात जाऊन कोरडवाहू तीन-चार एकरवाल्याला विचारा, तू शेतकरी की मजूर? तो दोन्ही आहे. पाऊस झाला तर शेतकरी, नाही झाला तर मजूर. आमच्या घरातली थोरली माणसं बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली, तेव्हा सातबाऱ्यावर त्यांचं नाव होतं. जमीन होती म्हणून भाकर होती असं नव्हे. त्या मजुरीने घरात ज्वारी आली आणि जमीन विकायची वेळ टळली. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी रोजगार हमी हा पीक बुडाल्यावरचा आधार होता, पीकविमा हा शब्द गावात पोचला नव्हता तेव्हाचा.

आता हंगामाकडे पाहा. बाजरी मृगात पेरायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायची. शाळू त्यानंतर पेरायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा. पाडव्यापासून मृगापर्यंत कोरडवाहू रानात फारसं काम नसतं. रोजगार हमीच्या हजेरीपटावरची गर्दी नेमकी त्याच महिन्यांत वाढायची आणि पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या की ओसरायची. लोक आपण होऊन रानात परतायचे, कारण बांधावरचं काम जवळचं, ओळखीचं, आणि पुष्कळांचं स्वतःचं.

मग मजूर मिळत नाही ही तक्रार खोटी आहे का? नाही. पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. पूर्वी उन्हाळ्यात दुसरं कामच नसल्यामुळे माणूस मिळेल त्या मजुरीवर यायचा, किंवा उचल घेऊन वर्षभर सालगडी म्हणून बांधला जायचा. रोजगार हमीने त्याला नाही म्हणण्याची सोय दिली. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं, त्याबरोबर हमीच्या कामावरची मजुरी दुपटीवर गेली, आणि गावातल्या मजुरीच्या बोलण्यातही फरक पडला. बागायतदाराला हे जड गेलं, हे मी मान्य करतो. शेतमालाला भाव नसेल तर वाढीव मजुरी कुठून द्यायची, हा त्याचा प्रश्न खरा आहे. पण तो प्रश्न भावाचा आहे. मजुराला भुकेच्या मजुरीवर ठेवून तो सुटत नाही.

आणि बायकांचं काय? शेतात बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. हमीच्या कामावर मोजमाप कामाचं व्हायचं, त्यामुळे दर दोघांना सारखाच. काम गावाजवळ, आणि कामावर लहान मुलांसाठी पाळणाघराची तरतूद. हजेरीपटावर बायकांची संख्या मोठी असण्याचं कारण यात आहे.

"मजूर आळशी झाले"

या कामासाठी दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नव्हता, जातीचा नाही, शिफारसही नाही. मे महिन्याच्या उन्हात टिकाव, फावडं आणि पाटी घेऊन जो येईल तो पात्र. मजुरीचे दर असे बांधलेले की साधारण माणसाने सात तास नीट काम केलं तर किमान मजुरी पडावी, कमी केलं तर कमी. आळशी माणूस इथे पहिल्या आठवड्यातच गळतो.

"खड्डे खणले आणि बुजवले"

वाईट कामं झाली. रोजगार हमीचं समर्थन करणाऱ्याने हे लपवू नये. खर्चाचा निदान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर जायला हवा असा नियम, त्यामुळे साहित्याला पैसा कमी, आणि मातीचे कितीतरी रस्ते दोन पावसाळ्यांत वाहून गेले. हजेरीपटावर खोटी नावं चढली. पाझर तलाव झाले, पण त्यांचं पाणी खालच्या अंगाच्या विहिरींत उतरलं; ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याच्या वाट्याला मजुरी आली, पाणी नाही. ही टीका योजनेच्या बाजूच्या लोकांनीही वर्षानुवर्षं केली आहे.

पण तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती या कामांनी माती आणि पाणी धरून ठेवलं, हेही तेवढंच खरं. आणि खड्ड्यांविषयी बोलायचं तर १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. आंब्यासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घ्यायचा, शेणखत आणि चांगली माती भरायची, पावसाळ्यात कलम लावायचं. या खड्ड्याची मजुरी हमीच्या निधीतून, आणि जमीन शेतकऱ्याच्या मालकीची. कोकणात आंबा-काजू, कोरड्या मुलखात बोर, सीताफळ, डाळिंब. ज्या रानात बाजरीसुद्धा धड येत नव्हती तिथे बागा उभ्या राहिल्या. खड्डे खणले आणि बुजवले, हे वाक्य या बागांपुरतं अगदी खरं आहे. फक्त बुजवताना त्यात झाड लावलं.

"शहरी नोकरदाराच्या खिशातून"

यात अर्धं सत्य आहे. १९७५ चा व्यवसाय कर रोजगार हमीसाठीच बसवला गेला, आणि हमीसाठीच्या करांतून जेवढी रक्कम जमा होईल तितकीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची, असं ठरलं. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते याच कराचे. वर्षाला २,५०० रुपयांच्या वर तो जाऊ शकत नाही, कारण राज्यघटनेनेच ती मर्यादा घातली आहे. पण हमीचा निधी एकट्या नोकरदाराने भरला नाही. मोटारींवरच्या आणि विक्रीवरच्या करात वाढ झाली, जमीन महसुलावर अधिभार आला, बागायती जमिनीवर विशेष आकारणी झाली. म्हणजे पाणी असलेल्या शेतकऱ्यानेही पाणी नसलेल्या शेतकऱ्यासाठी दिलं. सबंध राज्याने ठरवून केलेली ही तजवीज होती.

आपल्या २०० रुपयांचा हिशेब मागायचा हक्क नोकरदाराला नक्कीच आहे. तो जरूर मागा, पण कामावर गेलेल्या बाईकडे नको. गेल्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात किती जणांनी काम मागितलं, त्यांतल्या किती जणांना पंधरा दिवसांत ते मिळालं आणि मजुरी किती दिवसांनी हातात पडली, हे तहसील कचेरीत विचारा.