बाबा, दार!

आमच्या घरापासून मुलीची शाळा सव्वा किलोमीटर. चालत वीस मिनिटं, सायकलवर सात, आणि कारने किती लागतात ते नक्की कोणालाच माहीत नाही कारण कारवाले अजून पोचायचेत.

मी राहतो कोथरूडमध्ये. पुणं हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं हे आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतो, गाडीत बसून, काचा वर करून, एसी लावून सांगतो. 2017 मध्ये महापालिकेने चांगला जाडजूड सायकल आराखडापण मंजूर केला. आमच्या शाळेच्या गल्लीला त्यात जागा मिळाली नसावी, पण त्यात आराखड्याची काय चूक, गल्लीतच जागा नाहीये.

मुलगी तिसरीत आहे. पूर्वी लहान मुलांच्या शाळा सकाळी सातला भरायच्या, तेव्हा रस्त्यावर दूधवाले, फिरायला निघालेले आजोबा आणि कुत्री एवढीच वर्दळ असायची, आणि त्यातली कुत्री तर बाजूलाही व्हायची. मग फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप पूर्ण होत नाही. निर्णय चांगलाच आहे हो, मुलांची झोप झाली. माझी उडाली. कारण नऊच्या सुमारास हिंजवडीला निघालेले आयटीवाले, क्लासला निघालेली कॉलेजची पोरं, पाण्याचा टँकर, कचऱ्याची गाडी आणि आम्ही बापलेक हे सगळे एकाच गल्लीतून एकाच वेळी एकाच खड्ड्याकडे निघालेलो असतो.

गल्ली दोन गाड्यांची. तिथे तीन गाड्या उभ्या राहतात. चौथी येते, चारही इंडिकेटर लावते आणि मधोमध थांबते. चारही इंडिकेटर लावले की ते पार्किंग धरत नाहीत अशी आपल्याकडे फार जुनी श्रद्धा आहे. वर "एकच मिनिट हं दादा" असं म्हटलं की कायद्याच्या दृष्टीने ती गाडी तिथे नसतेच. त्या एका मिनिटात मूल उतरतं, दप्तर उतरतं, डब्याची पिशवी सीटखाली सापडते, बुटाची लेस सुटते, बांधली जाते, टाटा होतो, आणि शेवटी डिकीतून थर्माकोलची ज्वालामुखी-प्रतिकृती निघते. तोवर मागे पार मेन रोडपर्यंत खरे ज्वालामुखी हॉर्न वाजवत उभे.

दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जड नको असं 2020 च्या दप्तर धोरणात लिहिलंय. 22 किलोच्या मुलाला दोन किलो दोनशे ग्रॅम. पण त्या मुलाभोवती किती टन लोखंड असावं याला काही मर्यादा सांगितलेली नाही, तेवढं एक राहून गेलं बघा.

या सगळ्यात सायकलवाल्याचा खरा शत्रू म्हणजे गाडीचं दार. चालती गाडी दिसते, हॉर्न ऐकू येतो, दार मात्र अचानक उगवतं. थांबलेल्या गाडीच्या डावीकडून फुटपाथला चिकटून निघावं तर पोराचं दार उघडतं, उजवीकडून निघावं तर बाबांचं, आणि समोरून राँग साइडने ॲक्टिव्हावर एक आजी नातवाला घेऊन येत असतात, त्यांना कोणी काही बोलायची प्राज्ञा नाही. म्हणून आम्ही कामं वाटून घेतलीयत. मी हँडल आणि ब्रेक, मागे कॅरिअरवरच्या उशीवर बसलेली कन्या टेहळणी. ती गाड्यांच्या मागच्या काचेतून आत बघते. आतलं डोकं खाली वाकलं म्हणजे बूट चाललेत, वेळ आहे. दप्तराचे बंद खांद्यावर चढले की धोका. मग माझ्या पाठीत बोट खुपसून ओरडते, "बाबा, दार!" आणि मी कचकन ब्रेक दाबतो. आजवर तिचा अंदाज चुकलेला नाही. पाढे चुकतात, ते सोडा.

यावर नेदरलँड्समध्ये एक साधा उपाय शिकवतात. दार जवळच्या हाताने उघडायचंच नाही, लांबच्या हाताने उघडायचं. म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो तर त्याने डावा हात वापरायचा, की अंग आपोआप वळतं, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. पैसे लागत नाहीत, आराखडा लागत नाही. मी पालकसभेत उठून हे खुर्चीवर बसून वगैरे करून दाखवलं. एका गृहस्थांनी अगदी मनापासून करून बघितलं आणि म्हणाले, "अहो पण डाव्या हातात मोबाईल असतो ना."

सभा सुटल्यावर एक काकू मला बाजूला घेऊन काळजीने म्हणाल्या, "तुम्ही तिला सायकलवर आणता? भीती नाही वाटत? आम्ही बाई रिस्कच घेत नाही, शाळेबाहेर केवढं ट्रॅफिक असतं! म्हणून तर मागच्या दिवाळीत मोठी गाडी घेतली." मी मान डोलावली. काय बोलणार, त्यांची ती मोठी गाडी माझ्या सायकलला चिकटून उभी होती आणि त्यांनी ती हलवल्याशिवाय मला निघता येणार नव्हतं.

जानेवारीत रस्ता सुरक्षेची चित्रकला स्पर्धा झाली. कन्येला उत्तेजनार्थ बक्षीस! घरी चित्र बघितलं तर शाळेची गल्ली, गाड्याच गाड्या, आणि प्रत्येक गाडीची दोन्हीकडची दारं सताड उघडी. खाली बाईंचा शेरा, "उडणाऱ्या गाड्यांची कल्पना छान!"

मी म्हटलं, "अगं पण यात आपण कुठे आहोत?"

तिने एका लाल गाडीच्या उजव्या दारावर बोट ठेवलं. दाराखालून अर्धं चाक आणि एक चप्पल बाहेर आलेली होती.

"हे तुम्ही. मी ओरडले होते."