जमीन सरकारची असेल, तर अटही सरकारनं घालावी

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येताहेत आणि माझा त्यांना विरोध नाही. सोलापुरात पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवणारी बाई हे म्हणते म्हटल्यावर स्टाफरूममधल्या काही मित्रांना ते आवडत नाही, पण मला खरंच वाटतं की त्यांनी यावं. फक्त एक अट हवी. सरकारी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक परदेशी कॅम्पसमध्ये १० टक्के जागा राज्यातल्या गरीब घरच्या मुलांना मोफत आणि आणखी १० टक्के सवलतीत मिळाल्या पाहिजेत. आणि हे जमिनीच्या करारातच लिहिलेलं पाहिजे.

आधी काय घडलंय ते सांगते. जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं, म्हणजे कॅम्पस काढण्यासाठी प्राथमिक संमतीची पत्रं, दिली गेली. ब्रिटनची अ‍ॅबरडीन आणि यॉर्क, ऑस्ट्रेलियाची युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी आयईडी. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोची एज्युसिटी, म्हणजे अशा विद्यापीठांची एकत्र वसाहत, उभी करायची योजना आहे, आणि सिडको ही राज्य सरकारचीच कंपनी.

अशा कॅम्पससाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम नोव्हेंबर २०२३ चे. जगात पहिल्या ५०० मध्ये असलेलं विद्यापीठ इथं कॅम्पस काढू शकतं. प्रवेश कसे द्यायचे ते त्यांनी ठरवायचं, फी त्यांनी ठरवायची, उरलेला पैसा मायदेशी न्यायलाही वाट मोकळी आहे. आरक्षणाचं बंधन नाही. शिष्यवृत्तीचा उल्लेख आहे, पण ती 'देता येईल' एवढाच. द्यायलाच हवी असं कुठंही नाही.

म्हणजे काय, हे गुरुग्राममध्ये दिसतं. साउदॅम्प्टन विद्यापीठानं २०२५ मध्ये तिथं कॅम्पस सुरू केला. पदवीची एका वर्षाची फी १३ लाखांच्या वर आहे. आता हे बघा. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ठेवली वर्षाला ८ लाख. म्हणजे आपलंच सरकार ज्या घराला मदतीची गरज आहे असं मानतं, त्या घरानं वर्षभर उपाशी राहून सगळी कमाई नेऊन भरली तरी ही फी पूर्ण होत नाही. तीन वर्षांचा राहण्याखाण्याचा खर्च तर मी अजून धरलाच नाही.

आणि सोलापुरातली किती घरं त्या ८ लाखांच्या जवळपास तरी जातात? माझ्या वर्गात पूर्व भागातल्या मुली असतात. घरात तेलुगू, कॉलेजात मराठी, पुस्तक इंग्रजीत. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. त्यातल्या काहींची बुद्धी अशी, की आकडेमोडीचा प्रश्न फळ्यावर लिहून माझं संपायच्या आत उत्तर तयार असतं. पदवीनंतर पुढं शिकायचं म्हटलं, की पुण्यात खोली, मेस आणि क्लास यांचा हिशेब जमत नाही म्हणून घरात स्थळं बघायला सुरुवात होते. या मुली यॉर्कच्या वर्गात बसायच्या लायकीच्या आहेत, हे मी जबाबदारीनं म्हणते.

'परदेशी कशाला हवेत' असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याच गावाकडं बघायला सांगते. आपलं दयानंद कॉलेज १९४० पासून आहे. ते डीएव्ही म्हणजे दयानंद अँग्लो-वैदिक चळवळीतून आलं, आणि त्या चळवळीचं पहिलं विद्यालय १८८६ साली लाहोरला निघालं होतं. बाहेरून आलेल्या शिक्षणानं या गावाचं नुकसान झालं, असं कुणी म्हणेल का? बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. कोलंबिया तेव्हाही मोठंच होतं, पण त्याचं दार त्यांच्यासाठी उघडलं ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीनं. मी तेवढंच मागते आहे, फक्त ते एखाद्या राजाच्या मर्जीवर नको, नियमात हवं.

अशी अट आपल्या राज्याला नवी नाही. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. माझा आकडा तिथूनच घेतला आहे. ट्रस्ट म्हणून सवलती मिळतात, तर समाजाला काही परत द्या, हे त्यामागचं तत्त्व. परदेशी विद्यापीठ ट्रस्ट नाही, मान्य. पण जमीन देणारा मालक करारात अट घालू शकतो, त्याला यूजीसीच्या परवानगीची गरज नाही.

मात्र रुग्णालयांच्या बाबतीत ही योजना कशी चालते तेही मी पाहिलंय. एका विद्यार्थ्याच्या वडिलांसाठी आम्ही खाट मागायला गेलो, तेव्हा आधी 'खाटा भरल्या' असं उत्तर मिळालं, मग कागद कमी पडले, मग साहेब जेवायला गेले. रुग्णालयाचं नाव इथं घेत नाही. म्हणून माझं म्हणणं, निवड कॅम्पसच्या हातात ठेवूच नका. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलनं गुणवत्ता यादी लावावी, ती सगळ्यांना वाचता यावी, आणि त्या यादीतल्या मुलाला कॅम्पसनं प्रवेश द्यावाच.

'अटी घातल्या तर ते येणारच नाहीत' हा मुद्दा मी गंभीरपणे घेते. पण त्यांना इथं यायची गरज आहे, कारण विद्यार्थी इथं आहेत. सिंगापूरनं न्यू साउथ वेल्स विद्यापीठाला आर्थिक पाठबळ देऊन बोलावलं. २००७ मध्ये कॅम्पस सुरू झाला आणि पुरेसे विद्यार्थी आले नाहीत म्हणून एका सत्रातच बंद झाला. ते जाऊ शकतात, जमीन आणि विद्यार्थी इथंच राहतात. म्हणून करार करताना आपण घाईला यायचं कारण नाही.

आणखी एक मागणी सोलापूरची म्हणून आहे. आतापर्यंत आलेल्या कॅम्पसांनी मुख्यतः बिझनेस, फायनान्स, कॉम्प्युटर, सायबर सिक्युरिटी असेच विषय घेतले. प्रयोगशाळा, शेती, पाणी यांचा खर्च मोठा, तिकडं कुणी वळत नाही. पण आयईडी डिझाइन शिकवते. आपल्या जकार्ड चादरीवर तीच तीच नक्षी वर्षानुवर्षं फिरते आहे, टॉवेलचा धंदा भावाच्या स्पर्धेत अडकलाय. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक सत्र सोलापुरात येऊन इथल्या कारखान्यात काम करावं, आपल्या मुलांनी त्यांच्या स्टुडिओत जावं, एवढं करारात का बसू नये? पालकमंत्र्यांनी आणि आपल्या आमदारांनी हे विचारायला हवं.

हे सगळं झालं तरी आपलं विद्यापीठ आपल्यालाच सांभाळायचंय. आधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती; २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ झालं तेव्हा कोल्हापूरच्या खेपा वाचल्या म्हणून आपण आनंदलो होतो. आज संलग्न कॉलेजांत प्राध्यापकपदाची नेट-सेट पात्रता परीक्षा पास झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात आणि पगाराची वाट बघतात. एज्युसिटीचे फोटो दाखवून कायम प्राध्यापकांची भरती पुढं ढकलली, तर मी त्या एज्युसिटीच्याही विरोधात उभी राहीन.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. राखीव जागेवर गेलेली अक्कलकोटची किंवा करमाळ्याची मुलगी पहिल्याच महिन्यात गप्प होऊन परत यायला नको. पहिलं सत्र भाषेच्या तयारीचं असावं, त्याची वेगळी फी घेऊ नये, आणि त्या काळातला वसतिगृहाचा खर्च समाजकल्याण विभागानं उचलावा.