लिंबू पोर्तुगीजांनी आणलेलं नाही!

गोव्यात मसाल्याची कुळागरं म्हणजे बागा दाखवताना, हॉटेलात, अगदी घरगुती गप्पांतही एक वाक्य सारखं कानावर पडतं: "लिंबू पोर्तुगीजांनी आणलं, त्यांच्या लिमांववरून आपलं लिंबू." सांगणारे मनापासून सांगतात, ऐकणारे मान डोलावतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पोर्तुगीजांचं देणं नाकारायचं काही कारण नाही. मिरची, काजू, अननस, पपई ही मूळची अमेरिकेतली. त्यांच्या जहाजांतून ती इकडे आली आणि आज त्यांच्याशिवाय आमचा स्वयंपाक होत नाही. पण म्हणून परसातलं प्रत्येक झाड त्यांच्या नावावर चढवायचं?

लिंबाच्या नावाचा प्रवास नेमका उलट दिशेचा आहे. संस्कृतात निंबू, निंबूक. मराठीने 'न'चा 'ल' केला, जसा निंबाचा कडुलिंब झाला. त्याच कुळातलं फारसीतलं लिमू, त्यावरून अरबीत लैमून. अरबांनी हे झाड सिसिलीत, स्पेनमध्ये नेऊन रुजवलं आणि नाव तिथल्या लोकांच्या तोंडी बसलं. पोर्तुगीजांचं लिमांव आणि इंग्रजांचं लेमन दोन्ही त्यातूनच आली, तीही वास्को द गामाचा जन्म होण्याआधी.

आणि इकडे? चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या किनाऱ्याने फिरला. गोव्याला तो सिंदाबूर म्हणतो. खाली कर्नाटकातल्या होन्नावरच्या सुलतानाकडचं जेवण त्याने बारकाईने लिहून ठेवलंय: भात, त्यावर तूप, आणि तोंडी लावायला मिरीचे घोस, आलं, लिंबू आणि आंबा, सगळं मुरवलेलं. मिरचीचं नाव नाही, कारण ती यायला अजून दीडशेहून जास्त वर्षं होती. लिंबू मात्र ताटात हजर! पेजेबरोबर खारातलं लिंबू खाणाऱ्या आमच्यासारख्यांना हे ताट परकं वाटायचं कारण नाही. लिंबाला देठाकडे जोड ठेवून चार चिरा द्यायच्या, आत मीठ दाबून भरायचं, बरणी उन्हात ठेवायची. आधी साल टणक आणि कडू लागते. मग ती तपकिरी होत जाते, खार काकवीसारखा दाट होतो आणि बोटाने दाबलं की फोड सुटते. तेल नाही, फोडणी नाही.

आंबट फळाची किंमत गामाच्या खलाशांना कळली ती या पाण्यातून परत जाताना. 1498 च्या ऑक्टोबरात त्यांची जहाजं अंजदीव बेटावरून निघाली. हे बेट कारवारसमोर असलं तरी आज आपल्या काणकोण तालुक्यात मोडतं. आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. माणसांच्या हिरड्या सुजल्या, पाय सुजले, तीसेक जण वाटेतच गेले. क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा हा रोग म्हणजे स्कर्व्ही. तिथल्या मालिंदी बंदरात पोचल्यावर आजाऱ्यांसाठी पहिल्यांदा मागवली ती नारिंगं. पुढे 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ती आठवडाभरात उठून बसली. तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस द्यायचं ठरवायला 1795 उजाडलं. इतकी माणसं उगाच मेली याचं मला आजही वाईट वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगते. लिंडचं लेमन म्हणजे पिवळं, जाड सालीचं फळ. आपलं पातळ सालीचं कागदी लिंबू इंग्रजीत लाईम. दोन्ही वेगळी, आणि लाईममध्ये क जीवनसत्त्व कमी. पुढे आरमाराने लेमनऐवजी लाईमचा रस धरला, तेव्हा लांबच्या सफरींत स्कर्व्ही पुन्हा डोकावला.

आपल्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, लिंबू पडत नाही. तिथे सोलं (कोकम), चिंच, बिमलं, आंबाडे या आंबट फळांचा मान. लिंबू येतं ते तळलेल्या बांगड्यावर, आणि ते नुसतं चवीला नसतं: माशाचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना आम्ल बांधून टाकतं. तांबड्या भाजीवरही जरूर पिळा, भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. फक्त चुलीवरून उतरल्यावर पिळा, कारण उकळलं की क जीवनसत्त्व कमी होतं. पिळलेल्या साली टाकू नका. मीठ लावून तांब्याच्या भांड्यांवर घासा, बाजारातल्या कुठल्याच पावडरीची गरज पडणार नाही.

राहिली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. चवथीला आपण माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, तोरिंग म्हणजे पपनस बांधतो, म्हाळुंग बांधतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच हे म्हाळुंग. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा कळलं, की पपनस आणि संत्र्याच्या कुळातलं एक फळ यांच्या संकरातून कडू नारिंग झालं, आणि नारिंग व म्हाळुंग यांच्यातून पिवळं लिंबू. आपल्या कागदी लिंबाचाही एक पालक म्हाळुंगच! म्हणजे लिंबाचे पूर्वज आपण दरवर्षी गणपतीच्या डोक्यावर बांधतो. यंदा माटोळीचा बाजार कराल तेव्हा मुलांना बरोबर न्या. म्हाळुंगाची साल नखाने खरवडून त्यांच्या नाकाशी धरा, मग लिंबाची, आणि कोण कुणाचं ते त्यांनाच सांगू दे.