पवनचक्कीवर संशय कसा घ्यावा

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघरकडे जाणारा रस्ता पुढे चाळकेवाडीच्या पठारावर चढतो. तिथे पोहोचल्यावर जाणत्या माणसाने प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे गाडीचे इंजिन चालू ठेवून खाली उतरणे. आतला एसी बंद करू नये, कारण घरच्या मंडळींना पठारावरचा वारा सोसत नाही. मग बॉनेटला टेकून, समोर फिरणाऱ्या पात्यांकडे बोट दाखवून, जमेल तितक्या खालच्या पट्टीत म्हणावे, "ह्यांनीच आपला पाऊस पळवला बघा." त्या वेळी तुमच्या सायलेन्सरमधून काय बाहेर पडते आहे याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. धूर न सोडणाऱ्या वस्तूची कसून चौकशी करावी आणि धूर सोडणारीला घरच्या माणसासारखे वागवावे, एवढी शिस्त पाळली की बाकीचे आपोआप जमते.

ढग पळवण्याचा सिद्धान्त आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्यानंतर रुजला आणि पुढे आलेल्या दुष्काळात चांगलाच फोफावला. तो मांडताना थोडी काळजी घ्यावी लागते. जुलैमध्ये पठारावर जाऊ नये, कारण तेव्हा ढग पळून जाण्याऐवजी पवनचक्क्यांनाच वेढून बसलेले असतात आणि दहा पावलांवरचा खांबही दिसत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास, ही सह्याद्रीची जुनी करणी आहे. घाट चढताना ढग आपले पाणी पश्चिमेला रिते करतात आणि पूर्वेला कोरडे उतरतात, हे शाळेच्या भूगोलात आहे. पण शाळा सोडून आपल्याला बराच काळ लोटला आहे. एखाद्याने १९७२ च्या दुष्काळात पठारावर किती पवनचक्क्या होत्या असे विचारलेच, तर कणसे भाजून झाली का याची चौकशी करण्यासाठी उठावे.

(पवनचक्क्यांविषयीच्या काही तक्रारी खऱ्या आहेत, हे मान्य केले पाहिजे: जमिनींचे व्यवहार, पठार फोडून काढलेले रस्ते, पक्ष्यांना होणारा उपद्रव. पण त्या तपासायला कागद काढावे लागतात आणि शेतकऱ्याशी बोलावे लागते. ढगांचे तसे काही नसते.)

आता डिझेलकडे वळू, कारण त्याच्याविषयी मनात कृतज्ञता असल्याखेरीज पवनचक्कीवरचा संशय नीट मुरत नाही. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम असते आणि ते जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनातला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेऊन बाहेर पडतो, म्हणून हा माल वजनाने वाढतो. आपल्या साखर कारखान्यांचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, १२ टक्क्यांपर्यंत गेला की चेअरमनचे फलक लागतात. इथे सायलेन्सरमधून तीनशे टक्क्यांच्या वर उतारा पडतो आणि कोणी साधा हारही घालत नाही. हा माल हवेत शतकानुशतके टिकतो. कारखानदारीपूर्वी हवेच्या दर दहा लाख कणांमागे त्याचे सुमारे २८० कण होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहेत. कोळसा जाळल्याने पृथ्वी तापू शकते असा हिशेब स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच मांडला होता, त्यामुळे ही माहिती नवी आहे, अजून सिद्ध व्हायची आहे, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. अशा वेळी ती फार जुनी आहे असे म्हणावे.

सांगलीच्या वाचकांनी पुराच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले; धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २००५ चा पूर ५४ फुटांच्या जवळपास होता. अशा प्रसंगी कोयनेच्या विसर्गावर बोलावे, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर तर अवश्य बोलावे, पूररेषेत बांधलेल्या घरांवर (आपले सोडून) बोलावे. हे सर्व मुद्दे चर्चेला योग्यच आहेत आणि कोणताही एक पूर एकट्या तापमानवाढीच्या नावावर मांडता येत नाही. त्या आडोशाने एवढेच सांगणे टाळावे की हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते आणि ते सगळे एकदम ओतायला तिला आपल्या पाणलोटाएवढी मोकळी जागा दुसरीकडे क्वचितच मिळते.

सौरऊर्जेवरचा संशय अधिक नाजूक हाताने घ्यावा लागतो, कारण सूर्याशी आपले जुने व्यवहार आहेत. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये उभे राहून, जाळीवर वाळत पडलेला पिवळाधमक माल दाखवत, हा सारा माल उन्हावाऱ्याने वाळतो असे अभिमानाने सांगावे आणि त्याच दमात सौरपंप भरवशाचा नसतो असेही सांगावे. शिजवलेली हळद अंगणभर उन्हात पसरावी, सांडगे-पापड गच्चीवर घालावेत. मात्र त्याच गच्चीवर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला की ढगाळ दिवसांची काळजी वाटू लागली पाहिजे. घरावरच्या तीन किलोवॉटच्या यंत्रणेसाठी २०२४ पासून केंद्राचे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, ही गोष्ट शेजाऱ्यापासून लपवून ठेवावी, कारण त्याने आधी बसवले तर त्याचे वीजबिल पाहणे जड जाईल.

"पण सूर्य मावळल्यावर काय?" हा प्रश्न तर हुकमी आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या धरणात साठलेले आणि पलीकडे चिपळूणच्या बाजूला डोंगराच्या पोटातल्या वीजघरांत बसलेले आहे, हे मात्र बोलण्यात येऊ देऊ नये. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतात, म्हणून दिवसा उन्हावर काम चालवून धरणाचे पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी राखता येते. पावसाळ्यात पॅनेल सुस्तावतात तेव्हाच पठारावरचा वारा सर्वांत जोरात असतो. कोयनेचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी अजून खेटे घालत आहेत, तेव्हा स्वच्छ विजेचीही कोणाला तरी किंमत मोजावी लागते; ही गोष्ट धरणग्रस्ताने सांगितली तर गंभीर असते आणि तुम्ही डिझेल भरताना सांगितली तर सोयीची. पाटण तालुक्यातच मान्याचीवाडी हे राज्यातले पहिले सौरग्राम आहे. तिकडचा रस्ता खराब असल्याचे पाहुण्यांना सांगावे, मग तो असो वा नसो.

रात्रीच्या पाळीत उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याला बिबट्या दिसला तर तो वनखात्याचा विषय समजावा, दिवसा मिळू शकणाऱ्या सौरविजेचा नव्हे. ती रात्रीची वीज बव्हंशी कोळशाची असते; चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्रासारखी मोठी केंद्रे विदर्भात आहेत आणि आपल्याकडचा कोळसा जाळल्यावर त्यातला तीसेक टक्के भाग राख म्हणूनच उरतो. ती राख सातारा-सांगलीपासून पुष्कळ दूर पडते. खोकला तिकडे, बटण इकडे, अशी ही चोख वाटणी आहे.

विजेच्या गाडीचा विषय निघाल्यास लिथियमच्या खाणींबद्दल हळहळ व्यक्त करावी. ज्या माणसाने चाळीस वर्षांत पंपावर उभे राहून हे तेल जमिनीतून कसे निघते असा प्रश्न कधी विचारला नाही, त्याला बॅटरीतल्या धातूंविषयी अचानक सुटलेला पाझर पाहून ऐकणारा गप्प होतो.

परत निघण्यापूर्वी पीयूसीची मुदत तपासावी. संपली असल्यास पंपाशेजारच्या टपरीवर ते काम होते आणि पुष्कळदा गाडी तिथे नेण्याचाही आग्रह धरला जात नाही. त्या तपासणीत कार्बन डायऑक्साइडला कमाल मर्यादाच नसल्यामुळे तुमचा तीनशे टक्क्यांचा उतारा तिच्यात नापास होण्याचा धोका नाही. प्रमाणपत्र डॅशबोर्डच्या खणात नीट ठेवावे, काच खाली करावी आणि पठाराकडे शेवटची नजर टाकत शेजाऱ्याला विचारावे, या पवनचक्क्यांची कोणी कधी तपासणी करते की नाही.