अंक सातासमुद्रापार कसा धाडावा

दिवाळी अंक काढलात, अभिनंदन! आता न्यू जर्सीहून, लंडनहून, मेलबर्नहून विचारणा सुरू होईल, 'आम्हाला मिळेल का हो?' लगेच 'हो, नक्की!' म्हणून मोकळे व्हा. पाठवायला किती लागेल, पोचेल कधी, हे आधी बघत बसणारी माणसं धंदा करत नाहीत, नुसत्या चौकश्या करतात. अंकाची किंमत चारशे रुपये सांगा आणि पुढे 'टपालखर्च वेगळा' एवढंच लिहा. तो चारशेच्या कित्येक पट वेगळा आहे, हे गिऱ्हाईकाला पैसे भरून झाल्यावर कळू द्या.

खोका मोठाच घ्या. चार अंकांचं वजन जेमतेम दोन किलो, हे खरं; पण 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरचा मिक्सरचा खोका माळ्यावर पडलेला असताना नवा कशाला आणायचा? कुरियरवाला लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागेल आणि 7.2 किलोचे पैसे लावेल. म्हणजे पाचेक किलो हवेचं विमानभाडं तुमच्या माथी. पुण्याची हवा आहे; तेवढी किंमत तिला असायलाच हवी. उरलेल्या जागेत अंक खळाखळा हलत असतील तर भाजणीचं पाकीट कोंबा. अमेरिकेत विकाऊ मालाबरोबर खाद्यपदार्थ गेले तर तिथल्या अन्न खात्याला आगाऊ कळवावं लागतं, पण तुमची भाजणी घरची आहे, तिला कोण अडवणार? मुखपृष्ठाला तेल लागलं तर चित्राला आपसूक चकाकी येईल.

प्लॅस्टिकचं वेष्टन टाळा. परतीचा पाऊस असतोच, चार थेंब पडले तर बिघडलं कुठे? कोपऱ्यांना पुठ्ठा लावू नका आणि वरून सुतळी मात्र घट्ट बांधा; यंत्राच्या पट्ट्यात ती अडकली की पार्सलाकडे निदान कोणाचं तरी लक्ष जाईल. (पूर्वी मुंबईच्या जीपीओबाहेर मांजरपाटात पार्सल शिवून, लाखेचे ठिपके देऊन देणारे बसत. त्यांच्या हातचं पार्सल उघडायचं तर कात्रीच लागायची. पण ते शिकलेले कारागीर, आपण प्रकाशक.)

कस्टमच्या कागदावर 'गिफ्ट, किंमत शून्य' लिहा आणि आत आपलं शिक्का मारलेलं सहा हजारांचं बिल ठेवा. अंकांबरोबर दिनदर्शिका जाणार असतील तर सगळ्यांना मिळून 'प्रिंटेड मॅटर' म्हणा. कस्टमच्या वर्गवारीत पुस्तकांचा कोड 4901, नियतकालिकांचा 4902, दिनदर्शिकांचा 4910, हे भेद क्षुद्र आहेत. ब्रिटनमध्ये पुस्तकांवर व्हॅट शून्य आणि कॅलेंडरवर 20 टक्के असला तरी तो भरायचाय गिऱ्हाईकाला. दारात कळेल त्याला.

बातम्या तर मुळीच वाचू नका. 2025 मध्ये ज्यांनी वाचल्या, त्यांची झोप उडाली. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी 29 ऑगस्टला संपणार होती. कर कोणी, कसा गोळा करायचा हे ठरेना, विमान कंपन्या टपाल उचलेनात, म्हणून 25 ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं 21 ला! पुस्तकं-मासिकं अमेरिकेने लावलेल्या वाढीव शुल्कातून वगळलेली होती, हा त्यातला खरा विनोद. पण विमानच टपाल घेत नसेल तर सूट घेऊन करता काय? एवढं सगळं होऊनही तुम्ही मात्र यंदा अमेरिकेचे अंक सर्वांत शेवटी छापून घ्या. आधी कोपऱ्यावरच्या स्टॉलची सोय बघायला हवी.

आता पैसे. ज्याने भारतातलं खातं कधीच बंद केलंय, अशा डॅलसच्या माणसाला यूपीआयचा क्यूआर पाठवा. तो वैतागला की खाते क्रमांक आणि आयएफएससी द्या. परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड त्याने मागितल्यावर बँकेत विचारायला जा. तीस डॉलरची रक्कम मधल्या बँका थोडी थोडी कुरतडत आणतील, मग कमी पडलेली कोणी भरायची यावर दोघांनी महिनाभर सौजन्याने भांडा. बँकेतून फोन येईल, 'पैसे कशाचे, त्याचा पर्पज कोड कोणता? इनव्हॉइस आहे? आयईसी?' आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड; तो 500 रुपये भरून ऑनलाइन निघतो, हे कोणी सांगायला आलं तर ऐकू नका. पाचशेत अंकाची जाहिरात होते.

त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग म्हणजे गिऱ्हाईकाचे वडील. ते नाशिकहून एसटीने येतात, चष्मा पुसतात, पाकिटातून नोटा मोजून ठेवतात आणि विचारतात, 'चार घेतोय, दहा टक्के सोडाल ना?' तुम्ही सोडता. मग ते अंक चाळतात, एक स्वतःसाठी काढून घेतात आणि म्हणतात, 'तीनच पाठवा त्याला, वाचतोय कुठे तो!'

जानेवारीत मेल येईल, 'अंक अजून मिळाला नाही.' उत्तर आत्ताच लिहून ठेवा, 'कस्टममध्ये अडकलाय.' खोका तुमच्याच टेबलाखाली असला तरी चालतं.