कार्बन कॅप्चरच्या ‘एक कोटी नोकऱ्या’: फॉरवर्डमध्ये काय गळालंय

निकालाचे दिवस आले की मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: ‘कार्बन कॅप्चरमध्ये एक कोटी नोकऱ्या. सहा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट पुरे. परळी थर्मलला प्लांट बसेल, वायू आपल्याच काळ्या पाषाणात जिरेल, पोरांना घराजवळ काम.’ कार्बन कॅप्चर म्हणजे धुरातला किंवा कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड (सीओटू) हवेत सुटण्याआधी पकडणं. आता एकेक दावा घेऊ.

‘एक कोटी नोकऱ्या.’ आकडा बनावट नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात ८० लाख ते १ कोटी रोजगारांचा अंदाज आहे. पण तो २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याची क्षमता उभी राहिली तर. फॉरवर्ड करताना हा ‘तर’च गळाला. एनटीपीसीच्या विंध्याचल वीज केंद्रातल्या सीओटू पकडणाऱ्या प्लांटची क्षमता दिवसाला २० टन, म्हणजे वर्षाला ७,३०० टन. तसे लाखभर प्लांट उभे राहतील तेव्हा कुठे हिशेब जुळेल. जमशेदपूरचा टाटा स्टीलचा प्लांट तर दिवसाला ५ टनांचा आहे.

‘सर्टिफिकेट पुरे.’ ऑनलाइन कोर्सच्या स्क्रीनवर दोन टॉवर दिसतात. अमाइन म्हणजे सीओटूला धरून ठेवणारं रसायन. त्याचं साधारण ३० टक्क्यांचं द्रावण एकात ४० अंशांच्या आसपास सीओटू शोषतं आणि दुसऱ्यात १२० अंशांना सोडतं. चित्र एवढंच. शिफ्टवर मात्र टॉवरच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक चढायला लागतो, म्हणजे द्रावण फेसाळलंय. नवखा लगेच अँटीफोम, म्हणजे फेस मोडणारं रसायन, ओततो. ते जास्त झालं तर फेस उलट वाढतो. आधी बघायचं ते फिल्टर तुंबलाय का, धुरातली राख आत येतेय का. धुरात गंधकाचे ऑक्साइड राहिले तर ते अमाइनशी असे क्षार करतात की उकळूनही सुटत नाहीत. मग द्रावणाची ताकद घटते आणि पाइप-टॉवरचं लोखंड खाल्लं जातं. लॅबमध्ये आम्लाने टायट्रेशन करून ताकद काढतात. द्रावणातलं लोखंड वाढलेलं दिसलं की कुठलातरी पाइप पातळ होतोय, हे ओळखायचं. हे काम बीएस्सी केमिस्ट्रीच्या, केमिकल प्लांट अटेंडंट ऑपरेटरच्या नाहीतर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या हाताचं. सर्टिफिकेट त्याच्यावर चढवा, त्याच्याऐवजी नको.

‘परळीला प्लांट बसेल.’ २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ५,००० टनांहून जास्त सीओटू बाहेर टाकतो. नेहमीच्या अमाइनला टनामागे साडेतीन ते चार गिगाजूल उष्णता लागते. ती वाफ टर्बाइनमधूनच काढायची, म्हणजे तेवढी वीज कमी. शिवाय थंड करायला जादा पाणी. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. त्यामुळे तिथला पहिला प्रश्न पाण्याचा, भरतीचा नंतर.

‘काळा पाषाण.’ आइसलँडच्या कार्बफिक्स प्रयोगात बसाल्टमध्ये, म्हणजे अशाच काळ्या पाषाणात, सोडलेला वायू दोनेक वर्षांत खडक झाला, हे खरं. तिथे टनभर वायूमागे पंचवीसेक टन पाणी लागलं. लातूरला रेल्वेने पाणी आणलेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

आता मजकुरात जे नाहीच ते. मराठवाड्यात सीओटू पकडण्याचं काम शिकायला सगळ्यात जवळची जागा साखर कारखान्याची डिस्टिलरी. किण्वनात, म्हणजे मळी आंबवताना, निघणारा वायू जवळजवळ शुद्ध असतो. दिवसाला ६० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या युनिटमध्ये हिशेबाने ४५ टन सीओटू निघतो. सगळा हाती लागत नाही, कारण सुरुवातीला त्यात हवा मिसळलेली असते आणि तो भाग सोडून द्यावा लागतो. पुढे फेस अडवायचा, पाण्याने धुऊन अल्कोहोल काढायचं, कॉम्प्रेसरने दाबायचं, कोळशाच्या टाकीतून वास घालवायचा, ड्रायरमध्ये सुकवायचं आणि अमोनियाच्या थंडाव्यावर वजा वीस-पंचवीस अंशांना द्रव करून टाकीत साठवायचं. ड्रायर वेळेवर तापवून कोरडा केला नाही तर ओलावा पुढे जाऊन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो.

टँकर भरताना होसमधला (भरायच्या नळीतला) दाब पाचेक बारच्या खाली गेला की द्रवाचा कोरडा बर्फ होतो आणि नळी तुंबते. घाईने जोड सोडला तर मागे कोंडलेला वायू तो बर्फाचा गोळा गोळीसारखा फेकतो. दुसरी चूक मीटरची. हवेत ४ टक्के सीओटू, म्हणजे जीवघेणी पातळी, झाला तरी ऑक्सिजन २० टक्क्यांच्या आसपासच राहतो आणि साडेएकोणीस टक्क्यांवर लावलेला ऑक्सिजन मीटरचा अलार्म गप्प बसतो. सीओटूचा मीटर वेगळा लागतो, आणि तो खड्ड्याच्या तळाशी धरायचा, कारण हा वायू हवेच्या दीडपट जड.

हा माल बहुतेक थंड पेयांना जातो आणि ढेकरेबरोबर परत हवेत येतो, तेव्हा हवामान वाचवल्याचा आव नको. पण कॉम्प्रेसर, ड्रायर, ॲनलायझर, दाबाची टाकी हे सगळं उद्याच्या मोठ्या प्लांटमध्येही असणारच. फिटर, रेफ्रिजरेशन मेकॅनिक आणि स्टेनलेस स्टीलची टिग वेल्डिंग येणारा वेल्डर यांना इथे एका वर्षाच्या अप्रेंटिसशिपमध्ये हात बसवता येतो. पुढे शिकायचं असेल तर रसायन तंत्रज्ञान संस्थेचा कॅम्पस जालन्यातच आहे.

डिस्टिलरीत रुजू होताना दोन गोष्टी विचारा: मळी संपल्यावर युनिट किती महिने बंद असतं, आणि त्या महिन्यांचा पगार कोण देतं, कारखाना की ठेकेदार. नेमणूकपत्रावर ‘ऑपरेटर’ लिहिलंय की ‘हेल्पर’, तेही वाचा. पुढच्या ठिकाणी अनुभव त्याच शब्दावर मोजतात.