मिराजची ‘रंगरंगोटी’ आणि पॅरिसमधलं बटण

गेले आठ-दहा दिवस साताऱ्यातल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. ‘हवाई दलाचा महाघोटाळा, भंगाराला सोन्याचा मुलामा’ असा मथळा, खाली एका लढाऊ विमानाचा फोटो. म्हणणं थोडक्यात असं: मिराज २००० हे फ्रेंच लढाऊ विमान १३३ कोटींना घेतलं आणि त्याच्या अपग्रेडला १६७ कोटी घातले, अपग्रेड म्हणजे नुसती रंगरंगोटी, युद्ध पेटलं की फ्रान्स पॅरिसमधून बटण दाबून विमानं बंद पाडणार, वर आणखी २४ भंगार विमानं आणली, त्यापेक्षा सगळी आपली देशी तेजस विमानं घ्यायची होती.

निवृत्त मंडळींच्या ग्रुपांवर फिरत होता तोवर सोडून दिलं. परवा कोरेगावच्या भाच्यानं तोच पाठवला, खाली एक ओळ जोडून: ‘मामा, असल्या विमानात बसायला एनडीएचा अभ्यास करू का?’ देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली ज्या गावात निघालं, तिथल्या पोरांना हे प्रश्न पडायला लागले तर उत्तर द्यावंच लागतं.

पैशांपासून सुरू करू. १३३ आणि १६७ हे दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणूनच माणसं फसतात. २०१३ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या उत्तरातले ते आकडे. पण त्याच उत्तरातला तिसरा आकडा मजकूर लिहिणाऱ्यानं गिळला. १३३ कोटी हा २००० सालच्या खरेदीचा भाव. वर्षाला साडेतीन टक्के वाढ धरली की २०११ साली तोच १९५ कोटी होतो, असं उत्तरातच म्हटलंय. १६७ कोटी हे २०११च्या भावातले. म्हणजे जोडी १६७ आणि १९५ची लावायची. राधिका रोडवरच्या गाळ्याचा २००० सालचा भाव आणि आजचा रंगकामाचा खर्च शेजारीशेजारी मांडून कुणी ‘घोटाळा’ म्हणून ओरडलं, तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवू.

शिवाय १९५ कोटी खिशात असते तरी नवं मिराज आलं नसतं. त्याचं उत्पादन २००७ साली बंद झालं, शेवटचं विमान ग्रीसला गेलं.

तरी एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. नव्या विमानाच्या पंच्याऐंशी टक्के पैसे अपग्रेडला, हा सौदा स्वस्त नव्हताच. मिग-२९चा २००८चा करार बघा: साठेक विमानं आणि सुमारे ९६ कोटी डॉलर, म्हणजे विमानामागं मिराजपेक्षा कितीतरी स्वस्त. पहिली सहा रशियात झाली, बाकीची आपल्या नाशिकजवळ ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत, म्हणजे हवाई दलाच्याच दुरुस्ती कारखान्यात. मिराजच्या बाबतीत विकणारा एकच होता, आणि आपल्याला दुसरं दुकान नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वेळही बेसुमार गेला. करार जुलै २०११चा, पहिलं तयार विमान हातात पडलं मार्च २०१५ मध्ये, फ्रान्समधल्या इस्त्रला. बाकीची बेंगळुरूला एचएएल या सरकारी विमान कंपनीत व्हायची होती, ते काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. यावर टीका करायची तर खुशाल करा, मीही करतो.

आता ‘रंगरंगोटी’. ऊसपट्ट्यात राहून हा शब्द वापरवतो कसा? गाळप संपलं की कारखान्यात काय चालतं ते इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मिलचे रोलर उतरतात, टर्बाइन उघडतं, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात. रंग सगळ्यात शेवटी लागतो. विमानाचंही तसंच, फक्त चूक झाली तर नुसतं गाळप थांबत नाही.

विमान हँगरमध्ये आलं की आधी इजेक्शन सीटची स्फोटक काडतुसं काढतात, नाहीतर कॉकपिटमध्ये हात घालणाराच छपरातून वर जायचा. मग टाक्यांतलं इंधन उपसतात, इंजिन बाहेर ओढतात, पॅनल उघडतात. सांगाड्याची एडी करंट (धातूत वीज खेळवून भेग शोधायची पद्धत) आणि एक्स-रेनं तपासणी होते, कारण भेग डोळ्यांना दिसण्याआधी सापडावी लागते. त्यानंतर सगळ्यात किचकट काम, वायरिंग. ऐंशीच्या दशकातल्या वायरींचं इन्शुलेशन ताठ होऊन वळणावर तडकतं, कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. कागदावर सगळी विमानं सारखी, पण तीस वर्षांत प्रत्येकात कुठे ना कुठे दुरुस्ती झालेली असते; नकाशात वायर डावीकडून जाते आणि उघडल्यावर उजवीकडे निघते. म्हणून नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बसवल्यावर पिनेपिनेतून वीज नीट पोचते का आणि इन्शुलेशन धड आहे का ते तपासतात, तेव्हा कुठे वीज सोडतात. नवी इलेक्ट्रॉनिक्स गरम होते, तिला थंड हवा पुरते का ते बघायचं. रेडिओ चालू केल्यावर रडारच्या पडद्यावर कचरा येतो का, तेही बघायचं. नाकातल्या रडारचं वजन बदललं की गुरुत्वमध्य सरकतो, म्हणजे विमान पुन्हा तोलायचं. मग इंजिन जमिनीवर चालवायचं, मग विमान जमिनीवरच चाकांवर फिरवून बघायचं, मग चाचणी उड्डाणं.

बदललं काय? जुनं आरडीएम रडार गेलं, आरडीवाय मालिकेतलं आलं, ते एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा माग ठेवतं. मिशन कॉम्प्युटर नवा, इलेक्ट्रॉनिक युद्धाची यंत्रणा नवी, घड्याळांच्या जागी पडदे, पायलटच्या हेल्मेटमध्ये डिस्प्ले. इंजिन तेच, एम५३. रंगाचा डबा कुठल्या ओळीत बसवायचा तो मजकूरवाल्यानं सांगावा.

खरा फरक पंखाखाली आहे. जुनं लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र सुपर ५३०डी, वजन सुमारे २७० किलो. ते अर्धसक्रिय, म्हणजे सोडल्यावर लक्ष्याला लागेपर्यंत विमानानं आपल्या रडारचा झोत त्याच लक्ष्यावर धरून ठेवायचा. तेवढा वेळ पायलटला पाठ फिरवून पळता येत नाही. समोरच्यानंही काही सोडलं असेल तर आधी कोण मरतो याची ती शर्यत. त्याच्या जागी आलेलं मिका क्षेपणास्त्र ११२ किलोचं. त्याच्या एका प्रकारात स्वतःचं रडार असतं, दुसरा प्रकार उष्णतेवर जातो. शेवटच्या टप्प्यात ते आपली वाट आपण शोधतं आणि पायलट मोकळा होतो. सुमारे ४९० मिकांचा वेगळा करार २०१२ साली झाला. जुनी क्षेपणास्त्रं तशीही मोडीत निघणार होती, रॉकेटच्या इंधनाला मुदत असते. अपग्रेड केलं नसतं तर चांगल्या सांगाड्याला लावायला शस्त्रच उरलं नसतं.

मजकुरात १ फेब्रुवारी २०१९च्या बेंगळुरूच्या अपघाताचाही उल्लेख आहे. अपग्रेड होऊन आलेलं मिराज स्वीकृती उड्डाणाच्या वेळी, म्हणजे ताब्यात घेण्याआधीच्या चाचणीत, पडलं आणि दोन पायलट गेले, हे खरं आहे. पण पुढच्याच ओळीत सगळ्या ताफ्याला ‘उडत्या शवपेट्या’ म्हटलंय. त्यानंतर चारच आठवड्यांत, २६ फेब्रुवारीला, बालाकोटला मिराजच गेली होती.

आणि ते बटण! भाच्याला याचीच जास्त भीती वाटली, आणि सगळ्या मजकुरात याच्याइतकं खुळचट दुसरं काही नाही. दुरून बंद पाडायला विमानात कायम कान उघडा ठेवून बसलेला रिसीव्हर लागतो, त्याला अँटेना लागते. जी विमानं आपल्याच हँगरमध्ये शेवटच्या वायरीपर्यंत उघडतात, त्यांत तो अँटेना लपवणार कुठे? आणि असं बटण एकदा उघड झालं की फ्रान्सची विमानं जन्मात कुणी घेणार नाही. धंदा बुडवायला एवढा खटाटोप कोण करेल?

इतिहास बघा. १९८२ साली फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनशी लढणाऱ्या अर्जेंटिनाकडे फ्रेंच सुपर एतांदार विमानं होती आणि त्यांवरून सोडायची जहाजभेदी एक्झोसेत क्षेपणास्त्रं फक्त पाच. युद्ध सुरू होताच फ्रान्सनं पुढचा पुरवठा आणि तांत्रिक मदत तोडली. पण आलेली पाच चालली. अर्जेंटिनाच्या तंत्रज्ञांनी विमान आणि क्षेपणास्त्र यांची जुळणी स्वतः पुरी केली आणि ब्रिटिशांची शेफिल्ड ही युद्धनौका बुडवली. फ्रान्स ब्रिटनचा मित्र. बटण असतं तर ते तेव्हाच दाबलं गेलं असतं. इराणला अमेरिकेनं क्रांतीआधी एफ-१४ दिली होती. १९७९ नंतर दोघांचं उभं वैर, तरी ती विमानं इराणनं पुढे कित्येक वर्षं उडवली.

पण या दोन्ही गोष्टींत खरी दोरी कुठे असते तेही दिसतं. अर्जेंटिनाला सहावं एक्झोसेत मिळालं नाही. इराणची विमानं सुट्या भागांवाचून एकेक करून जमिनीवर बसली. पोखरणनंतर १९९८ साली अमेरिकेनं निर्बंध घातले तेव्हा आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं सुट्या भागांसाठी अडली. फ्रान्सनं त्या वेळी हात आखडता घेतला नाही, म्हणून १९९९ला टायगर हिलवर फ्रेंच मिराज इस्राएली लाइटनिंग पॉड (लक्ष्यावर लेझर धरणारं उपकरण) लावून लेझर बॉम्ब टाकू शकलं. दुसरी दोरी सॉफ्टवेअरची. मिशन कॉम्प्युटरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, हातात नसला की आपलं क्षेपणास्त्र जोडायला मूळ कंपनीच्या दारात जावं लागतं, आणि ती मागेल ती किंमत मोजावी लागते. यावर कुणी मजकूर लिहिला असता तर मीच चार जणांना पाठवला असता.

२४ भंगार विमानांचं कोडंही इथेच सुटतं. तो २०२१चा व्यवहार, २ कोटी ७० लाख युरोंचा, म्हणजे विमानामागं दहा कोटींच्या आत. ती आणली सुट्या भागांसाठी. उत्पादन बंद झालेल्या विमानाचा लँडिंग गिअर (चाकांचा सांगाडा) किंवा कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) दुकानात मिळत नाही. गोठ्यामागं त्याच मॉडेलचा बंद ट्रॅक्टर उभा ठेवणारा शेतकरी मूर्ख नसतो, त्याची नांगरट ऐन हंगामात अडत नाही.

अपग्रेड कधी करू नये याचं उदाहरणही हवाई दलाकडेच आहे. जग्वार या जुन्या हल्ला करणाऱ्या विमानाला नवी इलेक्ट्रॉनिक्स मिळाली, पण त्याचं अदूर इंजिन पहिल्यापासून अशक्त. उन्हाळ्यात भरल्या वजनानं उडताना ते दमतं. नवं अमेरिकन इंजिन बसवायचं बरीच वर्षं चाललं होतं, शेवटी २०१९ साली खर्च बघून हवाई दलानंच नको म्हटलं. दिसेल त्या विमानावर पैसे ओतणारी माणसं असं करत नाहीत.

तेजस हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते ‘शंभर टक्के देशी’ म्हणणाऱ्यांनी इंजिनावरचं नाव वाचावं. जीई एफ४०४, अमेरिकन. अशी ९९ इंजिनं ऑगस्ट २०२१ला मागवली, पहिलं आलं मार्च २०२५ला. सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट, असे ते दिवस होते.

राहिला फोटो. मिराजला एकच इंजिन आणि एकच उभं शेपूट असतं. मजकुराखालच्या विमानाला शेपटं दोन आहेत, मागं दोन नळकांडी आहेत आणि कॉकपिटच्या मागं दोन्ही बाजूंना छोटे पंख आहेत. ते सुखोई-३० एमकेआय आहे, रशियन आराखड्याचं. आपल्याकडच्या बहुतेक सुखोईंची जुळणी ओझरला झाली आहे, आणि त्यातल्या काहींच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवायचं कामही तिथेच झालं.